हॉलीची ठेंगणी झुडपं (होळी नव्हे!) : घरापुढे नक्की कोणती लावावी?

मध्यजर्सीकर | ११ एप्रिल, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. या विभागात आजवर वाचनमात्र होतो, आता गळ्याशी आलं म्हणून लिहितोय.

दोन वर्षांपूर्वी न्यू जर्सीत एडिसनजवळ घर घेतलं. पुढच्या भिंतीला लागून आधीच्या मालकांची बॉक्सवुडची (छोट्या पानांचं सदाहरित झुडूप) रांग होती. पहिल्याच उन्हाळ्यात पानांवर काळपट डाग, मग पानगळ, मग नुसत्या काड्या. तपासून घेतलं तर बॉक्सवुड ब्लाइट हा बुरशीचा रोग निघाला. सगळी उपटून पिशव्यांत भरून टाकली. लँडस्केपवाल्यानं त्या जागी सहा जपानी हॉली लावली, लेबलवर 'हेलेरी'. "दिसायला बॉक्सवुडच. सहा महिन्यांत जुनी झाडं विसराल," म्हणाला.

सहा महिन्यांत नवीही विसरायची वेळ आली. सहापैकी तीन मेली. गंमत अशी की डावीकडून ओळीनं तीन गेली आणि उजवीकडची तीन ठणठणीत आहेत. लँडस्केपवाला म्हणतो पाणी कमी पडलं. मी तर रोज पाणी घालत होतो.

आता पुन्हा लावायचीत. खिडकीची चौकट जमिनीपासून साडेतीन फुटांवर आहे, त्यामुळे झुडूप तिच्या खालीच राहायला हवं. बारा महिने हिरवं हवं. बायकोला लाल फळं हवीत. मुलगी चार वर्षांची आहे, म्हणून काटे नकोत. आणि हरणं तर आमच्याकडे सोसायटीचे सभासद असल्यासारखी फिरतात.

सासरे पुढच्या महिन्यात भोरहून येतायत. त्यांना रिकामं बसवत नाही, तेव्हा खणायला माणूस आहे. काय लावू ते सांगा.

टिंगलटवाळ | ११ एप्रिल, रात्री १०:३१

शीर्षक वाचून वाटलं होळीचा धागा महिनाभर उशिरा आला. पुरणपोळीचा फोटो कुठाय?

झाडवेडी | ११ एप्रिल, रात्री ११:०५

मजसी (म्हणजे मध्यजर्सीकर), 'काय लावू' हे नंतर. आधी मेलेल्यापैकी एक झाड उपटा आणि मुळ्यांचा फोटो टाका. मुळ्या पांढऱ्या आहेत की काळ्या? सोलल्या तर वरची साल हातात येऊन आत दोऱ्यासारखा तंतू उरतो का? कुंडीतून काढलेल्या गोळ्याचा आकार अजून तसाच आहे का?

आणि डाव्या कोपऱ्यात छपराच्या पाण्याचा पाइप उतरतो का? ओळीनं मरणारी झाडं बहुतेक वेळा पाण्यानं मरतात. पाणी जास्त झालं तरी पानं कोमेजतात, माणूस घाबरून आणखी पाणी घालतो, आणि झाडाचा निकाल लागतो. रोज पाणी घालत होतो, हे तुम्ही अभिमानानं लिहिलंय म्हणून सांगते.

राजगिरा | १२ एप्रिल, सकाळी ७:४८

बॉक्सवुडला पर्याय म्हणून हॉली हा प्रकार गेल्या दहा-पंधरा वर्षांत फार वाढलाय. हा ब्लाइट अमेरिकेत २०११ मध्ये पहिल्यांदा सापडला, नॉर्थ कॅरोलायना आणि कनेटिकटमध्ये. वर २०२१ मध्ये बॉक्सवुड खाणारा पतंगही न्यूयॉर्क राज्यात पोचला. त्यामुळे नर्सरीवाले आता छोट्या पानांची हॉली पुढे करतात.

दोन्हींतला फरक ओळखायची सोपी खूण: बॉक्सवुडची पानं फांदीवर समोरासमोर, जोडीनं येतात. हॉलीची एकाआड एक येतात. काही जण 'बॉक्सवुड' म्हणून जपानी हॉली मिरवत असतात, त्यांना सांगायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं.

एक महत्त्वाचं. लेबलवर 'कॉम्पॅक्ट' लिहिलेलं असतं त्याचा अर्थ झाड तेवढंच राहतं असा नाही. हळू वाढतं, एवढाच. लेबलवरचा आकडा बहुधा दहा वर्षांनंतरचा असतो आणि अकराव्या वर्षी झाड थांबत नाही. आमच्या गल्लीत १९८०च्या सुमारास लावलेल्या 'ठेंगण्या' हॉली आहेत, त्यांनी खिडक्या कधीच गिळल्या.

डॅलसची_मामी | १२ एप्रिल, सकाळी ९:२०

आमच्याकडे या सगळ्याला एकच उत्तर आहे: ड्वार्फ योपॉन, म्हणजे योपॉन हॉलीचा ठेंगणा प्रकार. इथली माती चुनखडीची, चिकण, उन्हाळ्यात भेगा पडणारी. जपानी हॉली इथे लावणं म्हणजे पैसे भट्टीत टाकणं. योपॉन मात्र टेक्सासपासून व्हर्जिनियापर्यंतची मूळची रहिवासी. ऊन, दुष्काळ, खारा वारा, ओल, सगळं सोसते. फेब्रुवारी २०२१ मध्ये डॅलसला पारा उणे १९ सेल्सियसपर्यंत गेला होता. शेजाऱ्यांची पिटोस्पोरमं आणि इंडियन हॉथॉर्न करपून तपकिरी झाली. माझ्या योपॉनांच्या नुसत्या शेंड्यांना चटका बसला आणि मे महिन्यात नवी पालवी.

पानं बोटाच्या पेराएवढी, काटा एकही नाही. सगळं झाड उशीसारखं गोल. वर्षातून एकदा कातर फिरवते, बाकी तिच्याकडे बघतही नाही.

मध्यजर्सीकर | १२ एप्रिल, रात्री ९:१५

मामी, जर्सीत चालेल का?

राजगिरा | १२ एप्रिल, रात्री ९:५०

मध्य जर्सी म्हणजे अमेरिकेच्या थंडीच्या नकाशावर झोन ७ची थंड बाजू (आकडा लहान तितकी थंडी जास्त). योपॉन तिथे काठावर आहे. दक्षिणेकडच्या भिंतीशी, वाऱ्याआड तगेल. पण वाईट हिवाळा आला की पानं जाळून घेईल. मी तरी सहा झाडांचा जुगार खेळणार नाही.

चहाबाज | १२ एप्रिल, रात्री ११:३८

थोडं अवांतर. योपॉनच्या पानात कॅफीन असतं, हे किती जणांना माहितेय? अमेरिकेच्या आग्नेय भागातले मूळ रहिवासी शतकानुशतकं तिचा काढा पीत आले. काही विधींमध्ये तो पिऊन उलट्या करायची पद्धत युरोपीयांनी पाहिली आणि १७८९ मध्ये झाडाला शास्त्रीय नाव मिळालं आयलेक्स व्होमिटोरिया. बिचारं झाड! पानांनी उलटी होत नाही, नाव मात्र कायमचं चिकटलं. दक्षिण अमेरिकेतली येर्बा माते हीसुद्धा हॉलीचीच बहीण.

भाजलेल्या पानांचा चहा विकत मिळतो, मी मागवला होता. कोरा चांगला लागतो. आलं-दूध घालून उकळला तर ना धड चहा ना धड काढा.

डॅलसची_मामी | १३ एप्रिल, सकाळी ८:०२

चहाबाज, पण कोणी हे वाचून कुठल्याही हॉलीची पानं उकळू नका हं. ओळख पक्की हवी आणि फवारणी न केलेलं झाड हवं. फळं तर कुठल्याच हॉलीची खायची नाहीत. मुलांना आणि कुत्र्यांना उलट्या-जुलाब होतात. मजसी, तुमच्या लेकीला लाल मणी दिसले की आधी तोंडातच जातील. बायकोला हे सांगा.

मध्यजर्सीकर | १९ एप्रिल, दुपारी ४:४४

झाडवेडीताई, तुमचं ऐकून आज उपटलं.

फावडं लावायचीही गरज पडली नाही. बुंधा धरून हलवलं आणि बाटलीचं बूच निघावं तसं झाड हातात आलं. गोळ्याचा आकार अगदी कुंडीचाच. खाली मुळ्या गोल गोल फिरून चकलीसारख्या गुंडाळलेल्या, बाहेरच्या मातीत एकही गेलेली नाही. खालच्या अर्ध्या भागातल्या मुळ्या काळ्या. चिमटीत धरून ओढलं तर साल निसटली आणि आत केसासारखा दोरा उरला, तुम्ही लिहिलं होतं तसंच. वास विचाराल तर तुंबलेल्या गटाराचा. खड्ड्याच्या तळाशी लाल चिखल आणि त्यावर बोटभर पाणी. आमच्याकडे गेले पाच दिवस पाऊस नाही!

आणि हो, छपराच्या पाण्याचा पाइप डाव्या कोपऱ्यातच उतरतो. मातीत घातलाय, पुढे कुठे जातो ते देव जाणे.

झाडवेडी | १९ एप्रिल, संध्याकाळी ६:१०

जिथे पाइप फुटलाय किंवा तुंबलाय तिथेच जात असणार, तुमच्या हॉलीच्या पायाशी.

हा मूळकूज रोग आहे. जपानी हॉलीला ओली चिकण माती अजिबात सोसत नाही. तुमच्या भागातली ती लाल माती शेल खडकाची, बारीक कणांची. पाणी धरून ठेवते. तुम्ही झाडाला दिवसातून एकदा पाजलंत, पाइपनं चोवीस तास. लँडस्केपवाल्याचा दोष आहेच. मुळ्या न मोकळ्या करता कुंडीचा गोळा तसाच खड्ड्यात बसवला. लावण्याआधी धारदार सुरीनं गोळ्याला तीन-चार उभे काप द्यायचे, तळाची जाळी कापून टाकायची. जीव वर-खाली होतो पहिल्यांदा, पण नव्या मुळ्या तिथूनच फुटतात.

सासरे आले की निचऱ्याची चाचणी घ्या. फूटभर खोल खड्डा, एकदा भरून जिरू द्या, मग पुन्हा भरा आणि घड्याळ लावा. तासाला इंचभर तरी उतरायला हवं.

कातळशिल्प | १९ एप्रिल, रात्री ८:३३

एवढं कशाला? खड्डा मोठा करा, चिकण माती फेकून द्या आणि पिशवीतली पॉटिंग माती भरा. मी तसंच करतो.

झाडवेडी | १९ एप्रिल, रात्री ८:५७

आणि चिकण मातीत बरोबर एक हौद तयार होतो. आजूबाजूची माती पाणी शोषत नाही, तुमची भुसभुशीत माती सगळं ओढून घेते. मुळ्या मऊ मातीतच गोल फिरत बसतात. खड्डा रुंद आणि उथळ घ्या, निघालेली माती ढेकळं फोडून तीच परत भरा. गोळ्याचा माथा जमिनीच्या इंच-दोन इंच वर राहू द्या. कंपोस्ट वरून पसरा.

कातळशिल्प | १९ एप्रिल, रात्री ९:२०

माझी झाडं आहेत अजून जिवंत.

झाडवेडी | १९ एप्रिल, रात्री ९:२४

तुमच्याकडे उतार असेल. काही झाडं आपल्या चुका पोटात घालतात.

राजगिरा | २० एप्रिल, सकाळी ७:३०

ओल्या कोपऱ्यासाठी माझं मत इंकबेरीला, म्हणजे आयलेक्स ग्लाब्रा, हीही हॉलीच. तुमच्याच किनारपट्टीची आहे. नोव्हा स्कोशियापासून फ्लोरिडापर्यंत दलदलीच्या कडेनं आपोआप उगवते. जॉर्जिया-फ्लोरिडाकडे तिच्या फुलांचा मध 'गॅलबेरी हनी' म्हणून विकतात. ओली माती, आम्लधर्मी माती, रस्त्याचं थोडंफार मीठ चालतं. काटे नाहीत. फळं मात्र काळी, शाईच्या थेंबासारखी. नाव त्यावरूनच पडलं.

एक खोड आहे: वय झालं की गुडघ्यापर्यंत बोडकी होते. वर छत्री आणि खाली काड्या. म्हणून 'शॅमरॉक' किंवा 'जेम बॉक्स'सारखी दाट वाण बघा. 'शॅमरॉक' छाटणीशिवाय चार-पाच फुटांवर जाते, खिडकीखाली दरवर्षी कातर लावावी लागेल. 'जेम बॉक्स' त्याहून बुटकी.

ससाफ्रास | २० एप्रिल, दुपारी १२:१५

छाटणीवरून आठवलं. आमच्याकडचा माळी सगळ्या झुडपांचे उलटे मडके करतो, वर रुंद आणि खाली अरुंद. वरच्या भागाची सावली खाली पडते आणि खालची पानं झडतात. परकरासारखा आकार हवा, खाली घेर आणि वर निमुळतं. गावाकडे मेंदीचं कुंपण कापणारे आमचे अण्णा हे न सांगता करायचे. दोन खुंट्या आणि एक सुतळी, बस.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कापू नका. कोवळी फूट येते आणि पहिल्या कडाक्यात काळी पडते. हिवाळा सरता सरता, नवी पालवी यायच्या आत मोठी छाटणी करायची.

मोरपंखी_आई | २० एप्रिल, दुपारी २:४०

माझाही प्रश्न विचारून घेते, धागा पळवल्याबद्दल क्षमस्व. पेनसिल्व्हेनियात आहे. चार वर्षांपूर्वी तीन 'ब्लू प्रिन्सेस' हॉली आणल्या. आणल्या तेव्हा लाल फळांनी लगडलेल्या होत्या. त्यानंतर एकही फळ नाही! फुलं येतात, झाड तजेलदार आहे. खत बदललं, जागा बदलली. माझं काय चुकतंय?

राजगिरा | २० एप्रिल, दुपारी ३:०५

तीन राजकन्या आणल्यात, राजपुत्र आणलात का?

हॉलीचं पपईसारखं असतं. नर झाड वेगळं, मादी वेगळी. फळं फक्त मादीला, तीही जवळपास त्याच वेळी फुलणारा जुळता नर असेल तरच. नर्सरीत आजूबाजूला शेकडो झाडं होती, मधमाश्यांनी काम केलं होतं. तुमच्या अंगणात वर नाही. एक 'ब्लू प्रिन्स' आणा आणि पन्नासेक फुटांच्या आत लावा. चार-पाच माद्यांना एक पुरतो.

मे महिन्यात फुलं जवळून बघा. पांढरी, चार पाकळ्यांची, तांदळाच्या कणीपेक्षा थोडी मोठी. मधोमध हिरवा फुगीर मणी असेल तर मादी. मणी नसून पिवळ्या परागांचे चार पुंकेसर बाहेर डोकावत असतील तर नर. आणि छाटणी जपून करा. निळ्या हॉलीच्या कळ्या गेल्या वर्षीच्या फांदीवर असतात. वसंतात सरसकट कातर फिरवलीत तर फळंही कापली.

मोरपंखी_आई | २० एप्रिल, दुपारी ३:११

अगं बाई! चार वर्षं मी खताला शिव्या देतेय.

झाडवेडी | २० एप्रिल, दुपारी ४:००

या निळ्या हॉलींची गोष्ट मला फार आवडते. लाँग आयलंडवर सेंट जेम्सला कॅथलीन मेझर्व्ह नावाच्या बाई होत्या. वनस्पतिशास्त्राचं शिक्षण काही नाही, हौस दांडगी. इंग्लिश हॉली दिसायला देखणी, पण तिथल्या थंडीत टिकेना. म्हणून १९५०च्या दशकात तिचा संकर त्यांनी जपानकडच्या थंडी सोसणाऱ्या, जमिनीसरपट वाढणाऱ्या आयलेक्स रुगोसाशी केला. 'ब्लू बॉय' आणि 'ब्लू गर्ल' यांचं पेटंट १९६४चं. पुढे 'ब्लू प्रिन्स' आणि 'ब्लू प्रिन्सेस' आल्या. आज झोन ५पर्यंत लाल फळांची सदाहरित हॉली दिसते ती बरीचशी त्या बाईंच्या खटाटोपामुळे.

पण मजसी, सावध. 'ब्लू प्रिन्सेस' ठेंगणी नाही. न छाटता सोडली तर आठ-दहा फूट. ती घराच्या कोपऱ्याला शोभते, खिडकीखाली नाही. आणि पानांना काटे असतात, इंग्लिशपेक्षा मवाळ, पण असतात.

सिएटलवारी | २१ एप्रिल, सकाळी १०:५०

इकडच्या लोकांसाठी: वायव्येत इंग्लिश हॉली लावू नका. पक्षी फळं खाऊन बिया जंगलात टाकतात आणि फर-सीडरच्या सावलीतही ती माजते. आम्ही शनिवारी स्वयंसेवक म्हणून उपटायला जातो. हातमोज्यांतूनही काटे घुसतात.

पेठेतला_माळी | २१ एप्रिल, रात्री १०:०२ (भारतीय वेळ)

पुण्यात येईल का हो हे? गॅलरीत ख्रिसमसला छान दिसेल.

राजगिरा | २१ एप्रिल, दुपारी १:१५

तुम्ही वाचलेल्यांपैकी बहुतेकींना हिवाळ्याची खरी थंडी लागते, पुण्याची गुलाबी थंडी त्यांना पुरायची नाही. भारतात हॉली बघायची तर हिमालयात जा, उत्तराखंडात ओक-बुरांशाच्या जंगलात आयलेक्स डायपायरेना भेटेल. पुण्यात दाट हिरवं, कापून आकार देता येणारं हवं तर कामिनी लावा. लाल फळं येतातच, वर वासाची फुलं फुकट.

बर्फाळलेला | २२ एप्रिल, रात्री ११:१९

कोणी 'स्काय पेन्सिल' लावू नका एवढं सांगायला आलो. जपानी हॉलीचाच उभा प्रकार, आठ फूट उंच आणि जेमतेम दोन फूट रुंद. दाराच्या दोन बाजूंना भालदार-चोपदार उभे करावेत म्हणून आणली. पहिल्या बर्फात फांद्या फाकून केळीच्या सालीसारख्या चारी दिशांना. दुसऱ्या वर्षी सुतळीनं बांधल्या, तर हरणांनी मान पोचेल तिथपर्यंत खाल्ल्या. आता दारात दोन झाडू उलटे उभे आहेत.

ससाफ्रास | २३ एप्रिल, सकाळी ६:५५

आमच्याकडे हरणांनी इंकबेरी सहसा सोडली आहे. भुकेलं हरीण मात्र कुणाचं नाही.

जपानीवर आणखी एक लक्ष ठेवा: लाल कोळी. हा प्रकार भर उन्हाळ्यापेक्षा वसंतात आणि शरदात जास्त सतावतो. पानं राखाडी, धुळकट दिसायला लागली की फांदीखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. ठिपके चालायला लागले तर कोळी. पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालून मारला की बरंच काम होतं.

मध्यजर्सीकर | २४ मे, रात्री ९:३०

सासरे आलेत. हा भाग त्यांच्यासाठी लिहितोय, कारण रोज विचारतात, "तुझी ती मंडळी काय म्हणतात?"

खणण्याआधी ८११ला (जमिनीखालच्या लाइनी दाखवून देणारी सेवा) फोन केला. दोन दिवसांत माणसं येऊन गवतात झेंडे रोवून गेली. गॅसला पिवळे, पाण्याला निळे, केबलला नारिंगी. सासरे सकाळी चहा घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, "काय रे, जत्रा हाय का काय? पताका कशाला?" गॅसची लाइन भिंतीपासून चार फुटांवरून जाते. मी कुदळ घेऊन सुटलो असतो तर ही पोस्ट कोणी दुसऱ्यानंच लिहिली असती.

खड्डा घेतला, पाणी भरलं. डाव्या बाजूला संध्याकाळी सहाला भरलेलं पाणी सकाळी सातला निम्मं होतं. सासरे उकिडवे बसले, चिखल दोन बोटांत चोळला, त्याची लांब वळी केली, ती तुटली नाही. "जावईबापू, ह्ये भाताचं खाचर हाय. यात तुम्ही झुडपं लावली?" उजव्या बाजूला तेच पाणी तीन तासांत गेलं होतं. तिथे घर बांधताना टाकलेली रेतीमिश्रित भर निघाली.

पाइप खणून काढला. सांध्यातून निसटलेला, आत मॅपलच्या मुळ्यांचा बोळा. नवा जोडून लॉनच्या उताराकडे काढला. सासऱ्यांचा त्यात एक दिवस गेला आणि मूड आठवडाभर छान राहिला.

मातीही रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पाठवली होती. भिंतीलगतचा सामू (pH) ७.१ आला, लॉनमधला ६.२. हे असं का?

झाडवेडी | २४ मे, रात्री १०:१८

सासऱ्यांना माझा नमस्कार. त्या वळीच्या चाचणीसाठी लोक इथे वर्गात बसतात.

भिंतीलगतचा सामू चढलेला असतो कारण काँक्रीट आणि गिलाव्यातला चुना हळूहळू मातीत उतरतो. हॉलीला ५ ते ६.५ बरा. जास्त झाला की लोह मिळत नाही, मग पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या. अहवालात सांगितलंय तेवढंच गंधक घाला, जास्त नको. त्याचं काम मातीतले जिवाणू करतात, महिने लागतात. वरून झाडाच्या सालीचं मल्च (आच्छादन) दोन-तीन इंच. बुंध्यापासून चार बोटं लांब ठेवा, बुंध्याला टेकवून डोंगर करू नका.

आणि आता मे संपतोय. इतकं थांबलात तर सप्टेंबरपर्यंत थांबा. उन्हाळ्यात नवं झाड सांभाळणं म्हणजे तान्हं मूल घेऊन लोकलचा प्रवास. गंधकालाही तेवढा वेळ मिळेल.

टिंगलटवाळ | २४ मे, रात्री १०:२५

सासऱ्यांचं खातं उघडून द्या इथे.

मध्यजर्सीकर | २८ सप्टेंबर, रात्री ८:१२

लावली! डाव्या तीन जागी 'जेम बॉक्स' इंकबेरी, जमिनीपासून दोन इंच उंचवट्यावर. उजवीकडची तीन जपानी तशीच ठेवली, ती सुखात आहेत तर कशाला हलवा. दोन्हींचा हिरवा रंग थोडा वेगळा आहे. बायको म्हणते, "कळतंय." मी म्हणतो, "मला नाही कळत." घराच्या पलीकडच्या कोपऱ्यात, लेकीच्या खेळण्यापासून लांब, एक 'ब्लू प्रिन्सेस' आणि आडोशाला एक 'ब्लू प्रिन्स'.

सासऱ्यांची तिकिटं दहा तारखेची होती, ती त्यांनी लावणी बघून जातो म्हणत पुढे ढकलून घेतली. मुळ्यांचे काप त्यांनीच दिले, कांदा चिरायच्या सुरीनं. ती सुरी आता गॅरेजमध्ये राहते, स्वयंपाकघरात प्रवेश बंद.

जमीन गोठण्याआधी काय करू?

झाडवेडी | २८ सप्टेंबर, रात्री ८:५०

पाऊस नसेल तर आठवड्यातून एकदा खोल पाणी, थँक्सगिव्हिंगपर्यंत. सदाहरित झाड हिवाळ्यातही पानांतून पाणी सोडतं आणि गोठलेल्या जमिनीतून त्याला ते ओढता येत नाही. वाऱ्याच्या बाजूची पानं तपकिरी होतात ती त्यामुळे. 'ब्लू प्रिन्सेस'ला वारा लागत असेल तर खुंट्या ठोकून गोणपाटाचा आडोसा करा. खत आता नको, वसंतात.

मोरपंखी_आई | ३ ऑक्टोबर, दुपारी १:२६

राजपुत्र मे महिन्यात आणला होता, फुलांसकट. आत्ता मोजली: एका झाडावर बावीस फळं, अजून हिरवट-नारिंगी. नवऱ्याला खिडकीत उभं करून दाखवली.

मध्यजर्सीकर | १४ डिसेंबर, रात्री १०:४०

पहिला बर्फ पडून गेला. सहाच्या सहा उभी आहेत. हरणानं एका इंकबेरीचे दोन शेंडे चाखले आणि सोडून दिले. 'ब्लू प्रिन्सेस'वर नर्सरीतून आलेली फळं होती, लेकीनं लांबूनच मोजली, सात. काल रॉबिन पक्षी येऊन बसला, आता तीन.

भोरहून दर रविवारी व्हिडिओ कॉल येतो. नातीशी दोन मिनिटं बोलतात, मग म्हणतात, "फोन जरा बाहेर ने, डाव्या कोपऱ्यात. अजून खाली धर. पाणी थांबतंय का रे?"